मुकादम कुणाला करायचं? भावनिक बुद्धिमत्तेच्या टेस्टमागची गोष्ट

मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या मुलीनं इथं सोलापुरातच एका हॉस्पिटलमध्ये चौकशी काउंटरच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीआधी मोबाईलवर भावनिक बुद्धिमत्तेच्या टेस्टची लिंक आली, शंभरच्या वर वाक्यं, सगळी इंग्रजीत, आणि प्रत्येकासमोर पाच पर्याय, कधीच नाही पासून नेहमी पर्यंत. मी दडपणात शांत राहते, लोकांना माझ्याशी बोलावंसं वाटतं, असली वाक्यं. मी शेजारीच बसलो होतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, इंग्रजी शाळेपुरतं, त्यामुळं ती एकेक वाक्य दोनदा वाचायची, आणि स्वतःचं कौतुक असलेलं वाक्य आलं की हमखास 'कधीकधी' वर टिक करायची, कारण आपल्या घरात स्वतःच्या तोंडानं स्वतःला चांगलं म्हणायची पद्धतच नाही. रिपोर्टमध्ये आलं, आत्मविश्वास कमी. जागा गेली. ही तीच मुलगी आहे जी वाड्यातल्या कुणाच्याही घरी माणूस गेलं की आधी तिथल्या म्हातारीजवळ जाऊन बसते. मी स्वतः एचआरचं काम करतो, अशा टेस्ट मीही वापरल्यात, त्यामुळं मला ते फार लागलं, आणि हे सगळं आलं कुठून ते नीट वाचायचं ठरवलं.

माणूस पारखायची गरज आपल्या गावाला नवी नाही. जुनी मिल १८७७ ची, आणि गिरण्यांच्या काळात कामाला कोण लागणार हे जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवायचा. तोच माणूस आणणार, तोच बदलीवर घेणार, तोच काढणार. त्याची पारख चांगली असायची हे खरं, पण त्यासाठी त्याचा हात ओला करावा लागायचा हेही खरं, आणि १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका करून भरतीसाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमा असं सांगितलं. म्हणजे भरती एका माणसाच्या मर्जीवर राहू नये हाच त्यामागचा विचार होता, हे विसरून चालत नाही.

तिकडं अमेरिकेत १९१७-१८ मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मोजायच्या टेस्ट हजारोंनी नाही, लाखोंनी घेतल्या, आणि युद्ध संपल्यावर त्या कारखान्यात आणि ऑफिसात शिरल्या. त्याच लाटेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्ता हा शब्द वापरला. त्याचं म्हणणं असं की कारखान्यातला सगळ्यात हुशार मेकॅनिक फोरमन म्हणून फेल जाऊ शकतो, कारण माणसं सांभाळायची बुद्धी वेगळी असते. शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य आहे, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन वाचून दाखवा, लगेच कुणाचं तरी नाव निघंल.

पण ही बुद्धी मोजायची कशी, हे मात्र जमेना. पुढं वेक्स्लर, ज्याच्या नावाची आयक्यू टेस्ट आजही चालते, तोच १९४० च्या सुमारास सांगत होता की नुसत्या बुद्धीवर माणसाचं वागणं समजत नाही. १९७३ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञानं उघड सांगितलं की बुद्धीच्या टेस्ट बंद करा, जो माणूस ते काम खरंच चांगलं करतोय तो काय वेगळं करतो ते बघा. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच, आणि सगळ्यात कमी ऐकलेलं पण हेच.

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द शास्त्रात नीट मांडला पीटर सालोवे आणि जॉन मेयर यांनी, १९९० मध्ये. त्यांच्या मते ही एक क्षमता, म्हणजे स्वतःची आणि समोरच्याची भावना ओळखता येणं, तिचा विचार करताना उपयोग करता येणं. त्यांचा पेपर अभ्यासकांनी वाचला, बाकी जगाला पत्ताच नव्हता. मग १९९५ ला डॅनियल गोलमन या पत्रकाराचं पुस्तक आलं, गोलमन म्हणजे मॅक्लेलंडचाच विद्यार्थी, आणि टाइम मासिकानं मुखपृष्ठावर ईक्यू, म्हणजे आयक्यूच्या धर्तीवर भावनिक बुद्धिमत्तेचं माप, हा शब्द छापला. तिथून जे सुटलं ते थांबलंच नाही. यशात ऐंशी टक्के ईक्यू आणि वीस टक्के आयक्यू, ही स्लाइड तुम्ही एखाद्या ट्रेनिंगमध्ये पाहिलीच असंल. गोलमननं लिहिलं होतं की यशात आयक्यूचा वाटा फार तर वीस टक्के, उरलेल्या ऐंशीत घरची परिस्थिती, नशीब, सगळंच आलं, आणि लोकांनी ते सगळे ऐंशी ईक्यूच्या खात्यावर टाकले. हा चुकीचा अर्थ आहे असं त्यानं स्वतःच नंतर सांगितलं, पण स्लाइड काही बदलली नाही.

टेस्ट आल्या त्या दोन वेगळ्या वाटांनी, आणि घोळ इथंच आहे. रूवेन बार-ऑन यांची १९९७ ची टेस्ट १३३ वाक्यांची, त्यात माणूस स्वतःच स्वतःला मार्क देतो. मेयर, सालोवे आणि डेव्हिड करूसो यांची २००२ ची टेस्ट १४१ प्रश्नांची, तिच्यात चेहऱ्याचा फोटो दाखवून विचारतात, या चेहऱ्यावर राग किती, दुःख किती, आणि उत्तर बरोबर की नाही ते हजारो लोकांच्या आणि तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून ठरवतात. एकीत तुम्ही स्वतःला काय समजता ते कळतं, दुसरीत तुम्हाला काय ओळखता येतं ते. दोन्हीचं नाव मात्र भावनिक बुद्धिमत्ता. वाक्यं वाचून टिक करायच्या टेस्टमध्ये नोकरी पाहिजे असणारा माणूस सरळ 'नेहमी' वर टिक करत जाऊ शकतो, हे संशोधनातही दिसलंय. म्हणजे चलाख पोरगं पास आणि माझी बहीण नापास. २०१० मध्ये जोसेफ आणि न्यूमन यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं निघालं की ज्या कामात दिवसभर लोकांच्या भावना झेलायच्या असतात, नर्स, काउंटर, विक्री, तिथं या क्षमतेचा उपयोग दिसतो, बाकी कामात फारसा नाही. त्यामुळं अकाउंटंट घेताना ही टेस्ट लावणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आपल्याकडं लष्करानं १९४३ पासून अधिकारी निवडताना वेगळीच रीत धरली, कागदाबरोबर उमेदवारांना गटात काम देऊन कोण कसं वागतं ते काही दिवस बघायचं. २०१३ ला यूपीएससीनं नीतिशास्त्राच्या पेपरात भावनिक बुद्धिमत्ता घातली आणि मग सोलापूरच्या अभ्यासिकांत पण पोरं त्याच्या नोट्स काढायला लागली.

निवडीपेक्षा शिकवायला या गोष्टीचा जास्त उपयोग होतो असं माझं ठाम मत आहे, आणि ते डोळ्यानं बघितलंय. एका टॉवेलच्या कारखान्यात एक जॉबर, आता जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, अठरा वर्षांचा अनुभव, आवाजावरून बिघाड ओळखणारा. त्याला सुपरवायझर केलं आणि सहा महिन्यांत चार विणकर सोडून गेले. ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, तुटला की हा कामगाराला बाजूला सारून स्वतः हात घालायचा, एक शब्द न बोलता. जुना विणकर मला म्हणाला, "मालक, ह्येला मागाचं कळतंय ओ, माणसाचं नाई." आम्ही त्याची टेस्ट घेतली नाही. त्याच्या हाताखालच्या सात जणांना एकेकटं बसवून, ज्याला तेलुगू सोपं त्याला तेलुगूत, एवढंच विचारलं की माग बंद पडल्यावर हा काय करतो आणि तुम्हाला कसं वाटतं. नावं काढून ते त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मला वाटायचं मी त्यांचं काम हलकं करतोय. दुसऱ्या आठवड्यात मी शेडमध्ये गेलो तर एक माग बंद होता, विणकर वाकून ताणा सांधत होता, आणि हा हात मागं बांधून शेजारी उभा राहून विचारत होता, कुठनं तुटलं, दाव मला.