पाय दुखले की लॅक्टिक ॲसिड, हे आलं कुठून?

जळगाव घ्या नाहीतर शिरपूर-शहादा, पोलीस भरतीची पोरं पहाटे पाचलाच ग्राउंडवर असतात कारण मे महिन्यात आठनंतर पळणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि 100 मीटरचे फुल स्पीड स्प्रिंट मारले की दुसऱ्या दिवशी मांडी मागून अशी धरते की खाली बसवत नाही. मग सिनियर सांगतात, लॅक्टिक ॲसिड (जोरात पळताना स्नायूत बनणारं आम्ल) साचलंय, पळून काढ बाहेर.

ही समजूत शंभर वर्षं जुनी आहे. 1907 मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्सना बेडकाच्या दमलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड वाढलेलं दिसलं, ऑक्सिजन दिला की ते कमी व्हायचं. पुढे स्नायूंवरच्याच कामाला हिल आणि मायरहॉफ यांना 1922 चं नोबेल मिळालं, आणि दमण्यापासून दुखण्यापर्यंत सगळं खापर लॅक्टिकवर फुटलं.

पण 1927 मध्येच हार्वर्डला आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फिस्केबरोबर स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ताकद देणारा साठा, शोधलं होतं (हे नाव प्रत्येक ग्राउंडवर माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं). 1930 मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्डनं लॅक्टिक बनूच नये असं विष स्नायूला दिलं, तरी तो काही वेळ काम करतच राहिला, म्हणजे ताकद दुसरीकडूनही येत होती. स्प्रिंटचे पहिले काही सेकंद मुख्यतः याच फॉस्फोक्रिएटिनवर निघतात. ते निम्मं भरायला साधारण अर्धा मिनिट लागतो पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं, म्हणून लगेच दुसरा स्प्रिंट मारला तर पाय उचलतच नाहीत, त्यात पोराचा आळस नसतो.

आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं? लॅक्टिक तर तास-दीड तासात रक्तातून उतरतं, दुखणं मात्र एक ते तीन दिवसांत कळस गाठतं, हिशोबच जुळत नाही. अमेरिकेच्या हफनं 1902 लाच म्हटलं होतं की स्नायूच्या आत बारीक फाटतं, त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. 1981 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी जिने उतरायला लावून लोकांच्या स्नायूचे नमुने घेतले तेव्हा आतली विस्कटलेली रचना मायक्रोस्कोपखाली दिसली. जिना उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, स्प्रिंटमध्ये पाय पुढे फेकताना मांडीमागच्या स्नायूचं तेच होतं. ही डागडुजी व्हायला दिवस लागतात, म्हणूनच दोन कडक स्प्रिंट सेशनमध्ये 48 तास ठेवायची पद्धत आहे, मधल्या दिवशी हलकं जॉगिंग केलं तर बरं वाटतं पण त्यानं ॲसिड बाहेर पडत नाही, तिथं ते उरलेलंच नसतं.